एक जून

सांगलीचं जेल किल्ल्यात आहे.
बाहेर कचेऱ्या, स्टॅम्पवाले, चहाचा गाडा.
पिशवीत दोन बनियन, बिस्किटांचे पुडे.
बिस्किटं आत जात नाहीत,
रांगेतल्या बाईनं सांगितलं. ती सवयीची होती.

चिठ्ठीवर रकाना: बंद्याशी नातं.
मी लिहिलं, गुरुजी.
हवालदार म्हणाला, असलं नातं नसतंय ह्यात,
मामा लिवा.
लिहिलं मामा.
आधारकार्ड बघून तो हसला,
तुमचाबी एक जूनच का?
हो, म्हणालो. मलाही कुणी गुरुजी होते.

तेरा वर्षांपूर्वी, जतच्या पूर्वेला, वस्तीशाळेत
शेवंता मेंढरं रस्त्यावर सोडून दारात उभी,
कडेवर हा, नाक वाहणारा.
जन्म कधीचा, विचारलं.
"दिवाळीच्या अवसेचा. कळपाची बसाय तवा
कृष्णाकाठाला हुती, उसाच्या फडाशेजारी."
उसाच्या फडाला रकाना नव्हता.
पट भरायचा होता, पाच नावं कमी पडत होती,
साहेब येणार होते.
बिराप्पा मायाप्पा लवटे, एक जून.
खालच्या ओळीत
सिद्राम बसू कोळेकर, एक जून.
एकाच दमात लिहिली, पेन न उचलता.

गेल्या श्रावणात, ढाब्याच्या मागं,
मोबाईलच्या राहिलेल्या हप्त्यावरून
खालच्या ओळीनं आईवरून शिवी दिली,
वरच्या ओळीनं दगड उचलला.

कागदावर अठरा वर्षं, अडीच महिने.
शेवंताच्या बोटांवर अजून एक दिवाळी बाकी.
बोटांचा हिशेब निरीक्षणगृहात जातो,
कागदाचा किल्ल्यात.

मी कोर्टात उभा राहिलो.
तारीख खोटी आहे, मीच लिहिली, म्हणालो.
सरकारी वकील सभ्य होते.
गुरुजी, म्हणाले, खोटं तेव्हा बोललात
की आता बोलताय?
रजिस्टर पुढं सरकवलं.
अक्षर सुरेख होतं. वेलांट्या जागच्या जागी.
शुद्धलेखनाला मी कधी कुणाला सोडलं नाही.

बाहेर चिंचेखाली सिद्रामची आई.
मी वळून जाणार होतो.
"तारीख बदलाया आलायसा नव्हं," ती म्हणाली,
"मग माझ्याबी लेकाची बदला.
जल्माची ऱ्हाऊ द्या.
दुसरी."

काचेपलीकडं बिराप्पा.
ओठावर मिशीची रेघ, शर्ट कुणाचा तरी.
फोन खरखरत होता.
मी घरून वाक्य तयार करून आणलेलं,
कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं.
त्यानं बोलूच दिलं नाही.
"गुर्जी, आमची बरॅक येगळी हाय, तरण्या पोरांची,
अठरा ते एकवीस. एकतीस जण.
आन चौदा जणांची जल्मतारीख एक जून!
हजेरीला वाचली तवा शिपाईबी हसला.
म्हनला, सगळ्यांची आय एकच हाय का रं?"
तोही हसला. मग म्हणाला,
"सिद्राम धरून पंधरा,"
आणि फोन कानापासून लांब धरला.

बराच वेळ लांब धरला.
मी माझ्या बाजूचा कानाला लावून बसलो,
आत नुसती खरखर,
मागं कुणीतरी बादली आपटत होतं.

"रातीला झोप येत न्हाई," परत आला तेव्हा म्हणाला,
"मग पाढे म्हनतो. सतराचा अजून येत न्हाई.
पाचापुढं अडतंय."
म्हण, मी म्हणालो.
दुसरं काय म्हणणार.
सतरा एके सतरा.
सतरा दुणे चौतीस.
डोळे मिटलेले, मान हलवत, चौथीत हलवायचा तशी.
सतरा पाचा पंच्याऐंशी.
सतरा सक

वेळ संपली. फोन बंद झाला.
काचेआड त्याचे ओठ हलत होते,
शिपायाचा हात खांद्यावर आला तरी हलत होते.
बरोबर म्हणाला की चुकला
मला ऐकू आलं नाही.

बिस्किटं त्या बाईला दिली.
तिनं विचारलं, तुमचा कोण?